कुमारवयातील व्यसन आणि पोलिसांपुढील अडचणी
(मंडळाच्या इंदापूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या चिटणिसांनी पंधरा दिवसांपूर्वी मला निरोप धाडला, तेव्हा मी ‘शिक्षण व संस्कार’ या विषयावर अर्धा तास बोलावे असे त्यांच्या मनात होते. या विषयावर मी याच व्यासपीठावरून यापूर्वी चार वेळा बोललो आहे आणि चारही वेळा आपण टाळ्या वाजविल्या आहेत. पाचव्यांदा त्याच टाळ्या घेण्याचा मला संकोच वाटला, म्हणून आजचा विषय मी मागून घेतला. एक-दोन सभासदांना तो रुचला नाही. ‘आज गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आहे, पेढे वाटावयाचे आहेत, अशा शुभदिवशी गांजा आणि पावडर यांचे नाव कशाला? तो पोलिसांचा विषय आहे,’ असे ते म्हणाले. विषय पोलिसांचाच आहे, हे मला मान्य आहे. पोलिसांचे हात त्यात कोठे कोठे अडतात तेवढेच मी सांगणार आहे. त्यांपैकी एका ठिकाणी ते आपल्या घरांच्या उंबरठ्यावर अडतात, म्हणून ते येथे सांगणे मला प्राप्त आहे.

माझा अधिकार काय, तेही आरंभीच सांगून टाकतो. मी मॅट्रिक, आणि वर शिक्षकी पेशाचे प्रमाणपत्र. माध्यमिक शाळेच्या खालच्या वर्गांना मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकविला. कायद्याचे शिक्षण मला नाही. परंतु माझे काही विद्यार्थी आज पोलीस खात्यात आहेत. त्यांतील एक हवालदार गेल्या दिवाळीत तीन संध्याकाळ माझ्या ओसरीवर येऊन बसला, आणि मी त्याला जसे पानिपत समजावून दिले होते तसे त्याने मला आपले काम समजावून दिले. नंतर मी संबंधित कायद्यांची पुस्तके आणवून, हातात पेन्सिल घेऊन वाचली. यात काही चूक राहिली असेल तर ती माझी आहे. त्या हवालदाराची नव्हे.

आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत आहे की, ही पीडा मुंबईची, फार तर पंजाबची. ती समजूत आता सोडावी लागेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोन, म्हणजे ज्याला मुले ‘एमडी’ म्हणतात ते विष, तयार करणारा कारखाना मुंबई पोलिसांनी पकडला. पुढे चारच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या एका रासायनिक कारखान्यावर छापा घातला. पुणे, कुरकुंभ, दिल्ली, सांगली अशा सर्व ठिकाणी मिळून सतराशे किलोंहून अधिक माल हाती लागला. त्याची किंमत साडेतीन हजार कोटी रुपयांच्या घरात गेली. कुरकुंभ आपल्या पुणे-सोलापूर रस्त्यावरच, येथून तासाभराच्या वाटेवर आहे. पुण्याला रुग्ण भेटावयास जाताना आपण त्या कारखान्यांच्या धुराड्यांजवळून शेकडो वेळा गेलो असू. एक टोक कुरकुंभ, दुसरे चिंचोळी, आणि मधल्या रस्त्यावर आपले इंदापूर. या वाटेने संत तुकाराम महाराजांची पालखीही जाते आणि हे विषही जाते. रस्ता कोणासही नाही म्हणत नाही.

कारखान्यावरील छाप्याची बातमी पहिल्या पानावर येते. माझ्या हवालदार विद्यार्थ्याचे काम मात्र कारखान्याचे नाही. त्याच्या वाट्याला येतो तो चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, बसस्थानकामागे, कालव्याच्या भरावावर किंवा बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या छपरात बसलेला. या मुलाच्या हातात काय असते, येथूनच पोलिसांची पहिली अडचण सुरू होते.

१९८५ साली संसदेने गुंगीकारक औषधी द्रव्यांचा व मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांचा कायदा केला. कायदा कडक आहे. व्यापारी प्रमाणात माल सापडल्यास दहा वर्षांपासून वीस वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि वर लाखाच्या पुढे दंड. परंतु हा कायदा यादीवर चालतो. जो पदार्थ यादीत आहे तोच गुन्हा. जो नाही तो नाही. मेफेड्रोन मुंबईतील मुलांत बोकाळले होते तरी ते त्या यादीत आले फेब्रुवारी २०१५ मध्ये. तोपर्यंत ती पुडी समोर दिसत असताही या कायद्याखाली पोलिसांना काही करता येत नव्हते. आणि आपल्या तालुक्यातील मुलगा प्रथम जे हातात घेतो ते पुष्कळदा आजही या यादीत नाही. लिखाण खोडण्याच्या पांढऱ्या शाईचा द्रव, पंक्चर काढण्याचे चिकटद्रव्य, रंगात घालावयाचा थिनर. रुमालावर ओतून हुंगले की डोके हलके होते. वीस-पंचवीस रुपयांत वहीच्या दुकानात मिळते. २०१९ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. तीत सर्व नशांपैकी हुंगण्याची नशा ही एकच अशी निघाली की, जिचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आहे; आणि त्यापायी मदतीची गरज असलेली दहा ते सतरा वर्षांची मुले देशात सुमारे ४ लाख ६० हजार आहेत. या बाटलीवर हवालदाराने कोणते कलम लावावे? दुकानदार म्हणतो, ‘साहेब, मी स्टेशनरी विकतो.’

दुसरी वस्तू औषधाची. आपला भाग तालमींचा आहे. लाल माती, पहाटेच्या जोर-बैठका, बदामाची थंडाई. हे सांगताना माझे मन अजून भरून येते, कारण मीही दोन वर्षे लंगोट कसला होता, आणि दोन्ही वर्षे पाठ टेकून घरी आलो होतो. आता तालमीशेजारी व्यायामशाळा आली आणि खुराकाच्या जागी सुई आली. भुलीच्या वेळी रक्तदाब उतरल्यास तो चढविण्यासाठी डॉक्टर जे मेफेंटरमिनचे इंजेक्शन देतात, तेच ही मुले दम वाढावा, शरीर फुगावे, भरतीच्या मैदानावर पाय थकू नयेत म्हणून टोचून घेतात. पुणे परिसरात याचे अनेक गुन्हे गेल्या काही वर्षांत नोंदले गेले आहेत. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकणे गुन्हा आहे. पण तो औषधांच्या कायद्याखाली. त्या कायद्यातील मुख्य गुन्ह्यांबाबत पोलिसांनी स्वतः फिर्याद नोंदवावयाची नाही, ते औषध निरीक्षकाचे काम आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. निरीक्षक बसतात पुण्याला. म्हणून पोलीस मग विषप्रयोगाचे कलम लावतात, पूर्वी भारतीय दंड संहितेचे ३२८ आणि आता न्याय संहितेचे १२३, आणि ते न्यायालयात टिकविता टिकविता त्यांची दमछाक होते. मालेगावाकडे ‘कुत्ता गोळी’ म्हणून जी विकली जाते ती झोपेची गोळी मात्र अंमली पदार्थांच्या यादीत आहे. एकाच पोराच्या खिशात तीन वस्तू, तीन कायदे आणि तीन खाती. हवालदार मला म्हणाला, ‘सर, आधी रसायनशास्त्र शिकावं लागतं, मग पोलिसकी.’

बरे, वस्तू यादीतलीच निघाली असे धरू. आता झडती. संशयिताच्या अंगाची झडती घेण्यापूर्वी, ‘राजपत्रित अधिकारी अथवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती देण्याचा तुला हक्क आहे,’ हे त्याला सांगितलेच पाहिजे, असे पन्नासावे कलम म्हणते. हे काटेकोर पाळले गेले पाहिजे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० साली दिला. मला हे कलम आवडले. कोणाच्याही खिशात पुडी टाकून त्याचा जन्म नासविणे सोपे असते आणि त्यास हा अडसर आहे. परंतु रात्री दहा वाजता, कालव्यावर, दोन शिपायांच्या हाती हा नियम असतो. तहसीलदारसाहेब कोठे, पंच कोठे, वजनकाटा कोठे! तोवर पुडी पाण्यात गेलेली असते. जप्तीनंतर नमुना न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवावयाचा, आणि त्याच्या अहवालाची वाट पाहावयाची. साखरेसारखी दिसणारी पूड साखर नाही, हे हवालदाराच्या सांगण्याने सिद्ध होत नाही.

विकणाऱ्यांनीही कायदा वाचलेला आहे, आपल्यापेक्षा अधिक मन लावून. मेफेड्रोनची अल्प मात्रा २ ग्रॅमपर्यंत आणि व्यापारी मात्रा ५० ग्रॅमपासून मानली जाते; गांजाच्या बाबतीत हेच आकडे १ किलो आणि २० किलो. अल्प मात्रेस फार तर एक वर्षाची शिक्षा. म्हणून माणूस एका वेळी दीड ग्रॅमच जवळ बाळगतो. आणि त्याहून धूर्तपणा असा की, तो स्वतः बाळगतच नाही, मुलाजवळ देतो. अठरा वर्षांखालील मुलास कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते. पोलिसाने गणवेष उतरवून त्याच्याशी बोलावयाचे असते. हे सारे योग्यच आहे. ज्याला मिसरूड फुटली नाही त्याला सराईत गुन्हेगारांत बसविणारा समाज रानटी म्हणावा लागेल. परंतु या दयेच्या आडोशाला विक्रेता उभा राहतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या ७७ व्या कलमान्वये मुलास नशेचा पदार्थ देणाऱ्यास, आणि ७८ व्या कलमान्वये मुलाकरवी तो विकविणाऱ्यास अथवा वाहून नेवविणाऱ्यास, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कलम उत्तम. ते लावावयास एकच गोष्ट लागते: ‘मला हे अमक्याने दिले,’ असे मुलाने सांगितले पाहिजे, आणि त्याच्या आईबापांनी त्याला ते सांगू दिले पाहिजे.

येथपर्यंत आले की आपला उंबरठा जवळ येतो. त्यापूर्वी पोलिसांच्या पदरात त्यांचेही माप घातले पाहिजे. नाहीतर हे भाषण भाटगिरी ठरेल. २ ऑक्टोबर २०२३ रोजी अंमली पदार्थांच्या खटल्यातील एक कैदी पुण्याच्या ससून रुग्णालयातून, पोलिसांच्या पहाऱ्यातून पळाला, आणि त्यावरून काही पोलिसांवर कारवाई झाली. हप्ता घेणारा शिपाई नसतोच, असे येथे कोणी म्हणणार नाही. माणसे अपुरी आहेत हेही खरे. आषाढीस पालख्यांचा बंदोबस्त, पुढे गणपती, मग उसाच्या हंगामातली भांडणे, मध्ये निवडणुका. शाळेच्या फाटकाबाहेरील टपरीकडे पाहावयास वेळ उरतो कोणाला? राज्याने २०२३ साली अंमली पदार्थविरोधी कृती दल उभे केले, ते चांगलेच झाले. परंतु दल मोठ्या माशांसाठी आहे. आपल्या गल्लीतील टपरी आपल्या ठाण्यालाच पाहावी लागणार.

आता पंचांविषयी. पंचनाम्यास दोन प्रतिष्ठित नागरिक लागतात. ‘प्रतिष्ठित’ या शब्दाचा अर्थ आपल्या गावी असा झाला आहे की, जो पोलिसांची गाडी दिसताच दुकानाचे फळकूट ओढून घेतो तो. मीही ओढले आहे. कारण स्पष्ट आहे: उद्या न्यायालयाच्या तारखा पडतात, बारामतीचे हेलपाटे होतात, आणि आरोपीचा मामा वाटेत गाठून नमस्कार करतो. असा नमस्कार की रात्री झोप येऊ नये. मग पोलीस सरकारी नोकरांना पंच म्हणून नेतात, किंवा पूर्वीपासून ओळखीचे दोघे नेतात, आणि वकील न्यायालयात विचारतो, ‘हे महाशय आजवर किती पंचनाम्यांत हजर होते?’ खटला तेथेच डळमळतो. जुलै २०२४ पासून झडतीचे चित्रीकरण करणे नव्या कायद्याने आवश्यक केले आहे, त्यामुळे थोडा आधार झाला. तरी भ्रमणध्वनीतील चित्र उलटतपासणीस उभे राहत नाही. माणूसच उभा राहावा लागतो.

बंधूंनो, आपल्या गेल्या वर्षीच्या स्मरणिकेतील वधू-वर सूची मी चष्मा पुसून वाचली. प्रत्येक वराच्या नावापुढे ‘निर्व्यसनी’ हा शब्द छापलेला आहे. एकाही घरी एकही अपवाद नाही. आपल्या ज्ञातीचा मला अभिमान आहे, परंतु इतका नाही. आपण हसलात, म्हणजे मी काय म्हणतो ते आपणांस कळले. हा शब्द स्थळासाठी छापावा लागतो. आणि तो छापता यावा म्हणून मुलगा पंधरा वर्षांचा असताना जे घडले ते पुरावे लागते. नववीतील पोर डोळे लाल करून घरी येते. आई म्हणते ‘जागरण झाले’, बाप म्हणतो ‘अभ्यासाचा ताण’, आजी दृष्ट काढते. पुढे प्रकरण हाताबाहेर गेले की त्याला मामाच्या गावी धाडतात. मामाच्या गावी कालवा नसतो काय? पोलिसाने विचारले तर सारे घर एका सुरात सांगते, ‘आमचा तसला नाही.’ माझा हवालदार म्हणतो, ‘सर, आम्हाला पोरगं सापडतं, पण त्याचं घर सापडत नाही.’

हे मी परक्याविषयी बोलत नाही. आता जे सांगणार आहे ते मी आजवर माझ्या सौभाग्यवतीखेरीज कोणासही सांगितलेले नाही.

सन २००९ चा पावसाळा. ज्या गावी मी तेव्हा नोकरीस होतो त्याचे नाव सांगत नाही, शाळेचेही नाही. मधल्या सुट्टीनंतर नववीच्या वर्गात एका शिक्षकाच्या बदली तासाला गेलो, तर खोलीत व्हार्निशासारखा वास. मागच्या बाकावरील मुलगा रुमाल तोंडाशी धरून बसला होता. जीभ जड, नजर तरळलेली. त्याला बाहेर नेले. दप्तरात पांढऱ्या शाईच्या थिनरच्या दोन बाटल्या निघाल्या. दुकान कोणते, ते त्याने रडत रडत सांगितले. वडिलांना बोलावून घेतले. ते आपल्याच ज्ञातीचे, सज्जन गृहस्थ, मानाने राहिलेले. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी डोक्यावरची टोपी काढून माझ्या पायांवर ठेवली. ‘सर, थोरलीचं जमलंय, तिथीही धरलीय. ही गोष्ट बाहेर गेली तर पाहुणे उठून जातील.’ मी टोपी उचलून त्यांच्या डोक्यावर घातली आणि शब्द दिला.

आठ दिवसांनी त्या बीटचे हवालदार शाळेत आले. वयस्क माणूस, निवृत्तीस आलेला. आवारातील लिंबाखाली बसले. मुले कालव्यावर काहीतरी हुंगतात, असे त्यांच्या कानावर आले होते. ‘सर, पोराचं नाव मला नको. दुकान तेवढं सांगा, त्याला समज देतो.’ दुकानाचे नाव माझ्या ओठावर होते. परंतु दुकान सांगितले की ‘तुम्हांला कसे कळले?’ हा प्रश्न आला, त्यामागून मुलगा आला, आणि मुलामागून ते लग्न. मी म्हणालो, ‘आमच्या शाळेत असले काही नाही.’ ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. चहा घेतला, आणि सायकल घेऊन गेले. लग्न थाटात झाले. मी जेवून आलो. मला टॉवेल-टोपीचा आहेर झाला.

पुढल्या जानेवारीत, कालव्यावर धुणे धुवावयास आलेल्या बायकांना सातवीतील एक मुलगा भरावावर बेशुद्ध पडलेला आढळला. माझ्याच वर्गातील मुलगा. एकोणतिसापर्यंत पाढे तोंडपाठ, वर्गात सर्वांच्या आधी हात वर करणारा. शेजारी तसलीच बाटली, त्याच दुकानाची चिठ्ठी लावलेली. मुलगा वाचला. पुण्याच्या रुग्णालयात दोन महिने होता. परत शाळेत आला तेव्हा त्याला लेखणी सरळ धरता येत नव्हती, आणि बाराचा पाढा मध्येच सुटत होता. ते वर्ष त्याने कसेबसे काढले आणि शाळा सोडली. आज तो आपल्या भावाच्या दुकानात बसून असतो. रस्त्याने जाताना मला ओळखतो, ‘सर’ म्हणून हाक मारतो. मी थांबतो, बोलतो. त्याच्या हातांकडे पाहण्याचे मात्र टाळतो.

तो मुलगा आपल्या ज्ञातीचा नाही. हे मी मुद्दाम सांगतो. आपल्यापैकी एका घराची अब्रू मी राखली, आणि तिची किंमत ज्यांच्याशी आपला रोटी-बेटी व्यवहार नाही अशा घराने भरली. त्या हवालदाराने दुकानदाराला नुसता दम दिला असता तरी ती बाटली कदाचित त्या पोराच्या हाती आली नसती.

आणि मी ज्या भीतीने खोटे बोललो ती भीती किती अज्ञानाची होती, हे पुढे कायदा वाचताना कळले. आजचा नियम असा आहे की, मुलाने किरकोळ स्वरूपाचा गुन्हा केला असेल तर सामान्यतः त्याच्यावर प्रथम खबर नोंदवीतच नाहीत. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते, आणि त्याच्या घरची परिस्थिती कशी आहे याचा अहवाल मंडळाकडे जातो. त्याचे नाव वा छायाचित्र छापणे हा गुन्हा आहे. गुन्हा शाबीत झाला तरी, सोळा वर्षांवरील मुलांचे अत्यंत गंभीर गुन्हे वगळता, त्यापायी पुढे नोकरीस अपात्रता येत नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर कागदपत्रे नष्ट करावयाची असतात. प्रत्येक पोलीस ठाण्यात मुलांसाठी एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. ठाण्यात गेल्यावर त्याचीच चौकशी करावी. आणि अंमली पदार्थांच्या कायद्यात ६४-अ नावाचे एक कलम आहे: सेवन केल्याबद्दल अथवा अल्प मात्रेबद्दल ज्याच्यावर आरोप आहे असा व्यसनी माणूस आपण होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल आणि ते पूर्ण करील, तर त्याच्यावर खटला चालत नाही. कायदा आपल्या पोराला सोडवावयास उभा आहे, आणि आपण त्याला पाहून कडी लावून घेतो.

उपचाराची जागाही दूर नाही. ‘गर्द’ म्हणजे काय हे महाराष्ट्राला अनिल अवचटांच्या लेखांनी कळले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. आज डॉक्टरीणबाई नाहीत, अवचटही २०२२ मध्ये गेले. संस्था चालू आहे. हे कार्य उभे राहिले तेव्हा तेथे जाणाऱ्या आपल्या माणसाचे नाव आपण दबक्या आवाजात घेत होतो. चाळीस वर्षे होत आली. आवाज अजून दबकाच आहे.

परदेशातील एक उदाहरण थोडक्यात सांगतो. आइसलँड हा थंडीने गारठलेला चिमुकला देश. १९९८ मध्ये तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी मागील महिन्याभरात दारूने झिंगलेली मुले शेकडा ४२ होती. २०१६ मध्ये ती ५ वर आली. त्यांनी खेळाची मैदाने वाढविली, मुलांनी रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहावे ते ठरविले, आणि पालकांनी आळीपाळीने रात्री रस्त्यांतून फेरी मारण्याची चाल पाडली. गल्लीतील आई-बाप टोळीने हिंडत आणि कोणाचेही मूल दिसले तरी त्याला घरी धाडीत. आपल्याकडे पूर्वी चोरांच्या भयाने गावोगाव अशीच गस्त असे. माझ्या वडिलांनी ती घातलेली आहे.

मंडळापुढे माझे मागणे फार नाही. पुढील वर्षापासून वधू-वर सूचीतून ‘निर्व्यसनी’ हा रकाना काढावा. खरे असेल ते पाहुणे चौकशीत शोधतीलच. मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीतून दर वर्षी काही रक्कम कोणाही सभासदाच्या मुलाच्या व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी बाजूस ठेवावी, आणि ती कोणास दिली हे फक्त खजिनदारांना ठाऊक असावे. उपचार घेऊन आलेल्या मुलाचे स्थळ त्या कारणास्तव कोणी नाकारू नये, असेही म्हणणार होतो. परंतु माझी नात लग्नाची झाली आहे, आणि मला स्वतःला ते कितपत जमेल याची खात्री नसल्याने ते मागणे आज करीत नाही. मुलांसाठी १०९८ आणि व्यसनाविषयी सल्ल्यासाठी १४४४६ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. ते फळ्यावर लिहून ठेविले आहेत. ज्यांना उतरवून घेताना कोणी पाहू नये असे वाटते त्यांनी जेवणाच्या वेळी यावे, तेव्हा सभागृह रिकामे असते.

गेल्या महिन्यात मी ठाण्यात जाऊन आलो. पंच म्हणून रात्री-अपरात्री बोलाविल्यास येईन असे सांगून आलो, आणि पत्ता लिहून दिला. तेथील तरुण अधिकाऱ्याने माझ्या वयाकडे पाहून ‘आजोबा, बसा’ म्हणून खुर्ची दिली, आणि बराच वेळ त्याला मी कशासाठी आलो हे उमगेना. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी एवढेच बजावले की, रात्री जायचे तर चष्म्याचा नंबर आधी तपासून घ्या. तो घेतला आहे.

एक गोष्ट उरली आहे. हे भाषण स्मरणिकेत छापून येणार, आणि स्मरणिका गावात दहा हातांत फिरते. त्या सातवीतल्या मुलाचे वडील अजून आहेत. त्यांना हे कागदावरून कळावे, हे बरे नव्हे. मजकूर छापखान्यात देण्याआधी मी त्यांच्या घरी जाऊन येतो, असे चिटणिसांना सांगितले आहे. येत्या मंगळवारी सकाळच्या गाडीने निघेन.